नारिंगी जॅकेटची पात्रता

एका चुकीने माणसाचा जीव जाऊ शकतो, असे काम बिनपगारी स्वयंसेवकांवर सोपवावे का? सोपवायचेच असेल तर ते आधी काय शिकलेले असावेत, आणि ते शिकले आहेत हे कोणी ठरवावे? मोटार रॅलीच्या क्षेत्रात हा प्रश्न खेळाइतकाच जुना आहे. त्याला नेटाने हात घातला गेला तो मात्र गेल्या दहा-बारा वर्षांत, मुख्यतः ब्रिटनमध्ये, आणि तोही माणसे दगावल्यानंतर. रॅली मार्शलचे प्रशिक्षण आणि त्याची श्रेणी यांबाबत कुठे काय चालले आहे, त्यातले काय पटण्याजोगे आहे आणि घोडे कुठे अडले आहे, याचा हा आढावा.

आधी रॅली आणि रेस यांतला फरक लक्षात घ्यायला हवा. रेस बंदिस्त सर्किटवर होते. चार-पाच किलोमीटरचा ट्रॅक, दोन्ही बाजूंना कठडे, प्रेक्षक जाळीपलीकडे. रॅलीचे तसे नाही. एरवी वाहतूक चालते तो रस्ता किंवा जंगलातली कच्ची वाट काही तासांपुरती बंद करतात आणि त्या तुकड्यावर घड्याळ लावून गाड्या सोडतात. या तुकड्याला ‘स्पेशल स्टेज’ म्हणतात. गाड्या एकामागून एक, ठरावीक अंतराने सुटतात. स्टेज वीस किलोमीटरची असली तर वीस किलोमीटरभर कुंपण घालणे शक्य नसते. प्रेक्षक शेतातून, झाडीतून, कुठूनही येतो आणि त्याला नेमके वळणाच्या बाहेरच्या अंगाला उभे राहायचे असते, कारण तिथून गाडी सर्वांत छान दिसते. घसरलेली गाडी जाते तीही तिथेच.

महाराष्ट्रातल्या वाचकाला रॅली म्हटले की बहुधा वेगळीच आठवते. वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशनची महिलांची रॅली किंवा तशीच एखादी ‘टाइम-स्पीड-डिस्टन्स’ स्पर्धा. त्यात वाहतुकीचे नियम पाळून, ठरवून दिलेल्या सरासरी वेगाने, ठरल्या वेळी ठरल्या जागी पोहोचायचे असते. तिथला मार्शल म्हणजे रस्त्याकडेला घड्याळ आणि वही घेऊन बसलेला माणूस. तो चुकला तर फार तर गुण चुकतात. स्पेशल स्टेजवरचा मार्शल वेगळा. नाशिकच्या परिसरात राष्ट्रीय अजिंक्यपद मालिकेतली ‘रॅली ऑफ महाराष्ट्र’ झाली आहे, तेव्हा ज्यांनी ती जवळून पाहिली त्यांना हा फरक सांगावा लागणार नाही.

एक शब्द, अनेक कामे

‘मार्शल’ या एका शब्दाखाली निदान अर्धा डझन कामे दडलेली असतात. आंतरराष्ट्रीय मोटार महासंघाने, म्हणजे एफआयएने, रॅलीतल्या अधिकाऱ्यांसाठी अंगरख्यांचे रंग सुचवले आहेत, त्यावरून ही वाटणी समजते. सुरक्षा मार्शलला नारिंगी, पोस्ट चीफला पांढरा पट्टा असलेला निळा, रेडिओवाल्याला निळी खूण असलेला पिवळा, वैद्यकीय पथकाला पांढरा, स्टेज कमांडरला लाल, वाहन तपासनिसाला काळा. गोंधळाच्या क्षणी कोणाकडे धावायचे हे नुसत्या रंगावरून कळावे, हा हेतू.

या प्रत्येक कामाला लागणारे कसब निराळे असते. टाइम कंट्रोलचे, म्हणजे वेळ नोंदवण्याच्या ठाण्याचे, उदाहरण घेऊ. कंट्रोलच्या अलीकडे पिवळ्या पाटीवर घड्याळाचे चित्र असते. तिथून नियंत्रण क्षेत्र सुरू होते. पुढे लाल पाटीवर तेच चित्र, तिथे टेबल आणि मार्शल. समजा एका गाडीची ठरलेली वेळ ९ वाजून ३२ मिनिटे आहे. को-ड्रायव्हर टाइम कार्ड ९:३२:०० ते ९:३२:५९ यांच्या दरम्यान मार्शलच्या हातात देईल, तर दंड नाही. एक मिनिट उशीर झाला तर दहा सेकंदांचा दंड. एक मिनिट लवकर दिले तर पूर्ण एका मिनिटाचा. कार्ड हातात पडले तो क्षण मोजायचा, गाडी थांबली तो नव्हे. आणि ‘आता देऊ का?’ असे को-ड्रायव्हरने विचारले तरी मार्शलने उत्तर द्यायचे नाही. योग्य वेळ कोणती हे सांगण्याची त्याला नियमानेच मनाई आहे. दिसायला कारकुनी काम. पण २०११ ची जॉर्डन रॅली सेबॅस्टियन ओजिएने ०.२ सेकंदांनी जिंकली आणि २०२४ ची सार्डिनिया रॅली ओट टॅनकने तेवढ्याच फरकाने. अशा खेळात टेबलावर बसलेल्याने घाईत खरडलेला एक आकडा वर्षभराची मेहनत पाण्यात घालवू शकतो.

वळणावरच्या मार्शलचे काम याच्या अगदी उलटे. तिथे कागद जवळजवळ नसतो, माणसे असतात. पहाटे अंधारात पोहोचायचे, फिती बांधायच्या, पायवाटा अडवायच्या, प्रेक्षकांना सुरक्षित जागी हलवायचे. मग शून्य क्रमांकाच्या गाड्या येतात, ‘०००’, ‘००’ आणि ‘०’. रस्ता खरोखर बंद झाला आहे का, माणसे नीट उभी आहेत का, हे पाहत त्या जातात. त्यानंतर पहिला स्पर्धक. गाडीचा आवाज आला की लांब शिट्टी. शेवटचा स्पर्धक गेला म्हणून काम संपत नाही. सर्वांच्या मागून, शेवटी येणारी ‘स्वीप’ गाडी गेल्याशिवाय जागा सोडायची नाही. वेल्सच्या जंगलात ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या पावसात असे आठ-दहा तास उभे राहणे हीच एक परीक्षा असते.

अपघातांनी लिहिलेला अभ्यासक्रम

मार्शलच्या प्रशिक्षणाचा इतिहास अपघातांच्या इतिहासापासून वेगळा काढता येत नाही. सर्किटवरची दोन उदाहरणे या विषयात नेहमी दिली जातात. १९७३ साली हॉलंडमधल्या झांडव्होर्ट सर्किटवर रॉजर विल्यमसनची गाडी उलटून पेटली. मार्शलांकडे आगीपासून वाचवणारे कपडे नव्हते. डेव्हिड पर्ली हा दुसरा स्पर्धक स्वतःची गाडी थांबवून धावत आला आणि एकटाच ती उलटलेली गाडी सरळ करण्याचा प्रयत्न करत राहिला. विल्यमसन वाचला नाही. चार वर्षांनी दक्षिण आफ्रिकेत क्यालामीला दोन मार्शल आग विझवण्यासाठी चालू ट्रॅक ओलांडून धावले. त्यातल्या एकोणीस वर्षांच्या मुलाला टॉम प्राइसच्या गाडीची धडक बसली. त्याच्या हातातले अग्निशामक नळकांडे प्राइसच्या डोक्यावर आदळले. तो मुलगा आणि प्राइस, दोघेही जागच्या जागी गेले. पहिल्या घटनेत साधने नव्हती. दुसऱ्या घटनेत साधन होते, हिंमत होती, मदत करण्याची कळकळही होती. नव्हती ती सवय, आधी रस्ता बघण्याची. प्रशिक्षण म्हणजे मुख्यतः ही सवय.

रॅलीतला मोठा धडा १९८६ चा. पोर्तुगालमध्ये सिंत्राच्या डोंगराळ रस्त्यावर मार्च महिन्यात एक गाडी गर्दीत घुसली, तीन प्रेक्षक मेले आणि तीसहून अधिक जखमी झाले. गाड्या बनवणाऱ्या कंपन्यांच्या संघांतल्या चालकांनी स्पर्धेतून अंग काढून घेतले. त्याच वर्षी मे महिन्यात कॉर्सिकात हेन्री टोइव्होनेन आणि सर्जो क्रेस्टो यांचा मृत्यू झाला आणि ‘ग्रुप बी’ या अतिवेगवान गाड्यांवर पुढच्या वर्षापासून बंदी आली. त्या वेळी लोकांचे लक्ष गाडीवर केंद्रित झाले. गर्दी कोणी आवरायची, तिला आवरणाऱ्याला काय शिकवायचे, हा प्रश्न मागे पडला.

तो पुन्हा समोर आला स्कॉटलंडमध्ये. फेब्रुवारी २०१३ मध्ये इन्व्हर्नेसजवळ स्नोमन रॅलीत एका महिला प्रेक्षकाचा मृत्यू झाला. ३१ मे २०१४ रोजी सीमाभागातल्या जिम क्लार्क रॅलीत एकाच दिवशी दोन अपघात झाले. पहिल्यात प्रेक्षक जखमी झाले, आणि स्पर्धा चालू राहिली. दुसऱ्यात तिघे ठार झाले. स्कॉटिश सरकारने आढावा गट नेमला. तीन वेळा जगज्जेते ठरलेले सर जॅकी स्ट्युअर्ट त्याचे सल्लागार होते. या गटाने जानेवारी २०१५ मध्ये २९ शिफारशी केल्या. दोन्ही रॅलींतल्या मृत्यूंची न्यायालयीन चौकशी होऊन २०१७ मध्ये निर्णय आला. मार्शल किती होते, कुठे होते, त्यांना काय सांगितले होते, कोणती जागा प्रेक्षकांना बंद असायला हवी होती, याचा त्यात कीस पडला.

याच काळात ब्रिटनच्या राष्ट्रीय संघटनेने, म्हणजे तेव्हाच्या मोटर स्पोर्ट्स असोसिएशनने, ‘रॅली फ्यूचर’ नावाचा कार्यक्रम हाती घेतला. हीच संघटना २०१९ पासून ‘मोटरस्पोर्ट यूके’ या नावाने ओळखली जाते. स्पर्धेवर स्वतंत्र सुरक्षा प्रतिनिधी नेमणे आणि रॅली मार्शलांना नोंदणी व मान्यतेची अट घालणे हे या कार्यक्रमाचे दोन ठळक परिणाम. त्याआधी स्टेजवर उभे राहण्यासाठी बहुतेक ठिकाणी एवढेच पुरे होते, की सकाळी येऊन सही करायची आणि अंगरखा घ्यायचा. मित्राबरोबर आलेला मित्रही मार्शल व्हायचा. आता स्टेजवर उभे राहण्याआधी काही किमान शिकल्याचा पुरावा लागू लागला.

शिकवतात काय?

ब्रिटिश पद्धतीत पहिली पायरी घरबसल्या चढता येते. संगणकावर धडे, शेवटी प्रश्न, आणि उत्तीर्ण झाल्यावर मान्यता. त्यापुढचे शिक्षण समोरासमोर. तिकडचा हंगाम वसंतात जोर धरतो, म्हणून थंडीच्या महिन्यांत क्लब प्रशिक्षणाचे दिवस ठेवतात. १९५७ साली स्थापन झालेला ब्रिटिश मोटरस्पोर्ट मार्शल्स क्लब आणि गावोगावचे मोटार क्लब यांच्यावर याची मदार असते. शिकवणारेही स्वयंसेवकच.

अभ्यासक्रमाचे चार भाग पाडता येतात. पहिला स्वतःच्या जिवाचा. कुठे उभे राहायचे, पळायची वाट आधीच कशी हेरून ठेवायची, येणाऱ्या गाडीकडे पाठ का करायची नाही. दुसरा अपघाताच्या वेळचा. आधी स्वतःची सुरक्षा, मग मागून येणाऱ्या गाडीला इशारा, मग रेडिओवर कळवणे, आणि त्यानंतर अपघातग्रस्त गाडीकडे जाणे. हा क्रम मनाविरुद्ध जातो. पडलेल्याकडे आधी धावावे असेच वाटते. म्हणून तो वारंवार घोकून घेतात. आतल्या माणसाचे हेल्मेट काढायचे नाही, मानेला इजा असू शकते म्हणून त्याला ओढायचे नाही, तो बोलतो आहे का एवढे पाहायचे आणि वैद्यकीय पथकाची वाट पाहायची. तिसरा भाग आगीचा. प्रत्यक्ष ज्वाळांवर नळकांडे वापरून दाखवावे लागते, वारा पाठीशी घेऊन. चौथा भाग प्रेक्षकांचा. हा सर्वांत अवघड असूनही बराच काळ तो सर्वांत थोडक्यात उरकला जाई.

प्रेक्षकांचा भाग अवघड का, हे आपल्याकडे विसर्जन मिरवणुकीत दोर धरून उभ्या राहिलेल्या कोणाही कार्यकर्त्याला विचारावे. त्याच्याकडे काठी नसते, वर्दी नसते, लोकांना हटवण्याचा कायदेशीर अधिकारही नसतो. तरी हजारो माणसे त्याने आवरायची असतात, आणि त्यातले निम्मे त्याच्या ओळखीचे निघतात. रॅलीतही तसेच. वीस वर्षे रॅली बघणारा माणूस पहिल्यांदा आलेल्या मार्शलला सांगतो, ‘मी इथेच उभा राहतो, काही होत नाही.’ अशा वेळी काय बोलायचे, किती वेळा सांगायचे आणि ऐकले नाहीच तर पुढे काय करायचे, हे शिकवल्याशिवाय येत नाही.

पायऱ्या आणि चढण

मान्यता मिळाली की श्रेणीची शिडी सुरू होते. श्रेणींची नावे देशागणिक आणि काळागणिक बदलतात, पण साचा सगळीकडे जवळपास सारखा आहे. शिकाऊ, मग स्वतंत्रपणे उभा राहू शकणारा मार्शल, मग अनुभवी, मग इतरांवर देखरेख करणारा पोस्ट चीफ किंवा विभागप्रमुख, आणि रॅलीत सर्वांत वर स्टेज कमांडर, ज्याच्याकडे अख्ख्या स्टेजची जबाबदारी असते. ऑस्ट्रेलियात अधिकाऱ्यांच्या परवान्यांना ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड अशी पदकांची नावे दिली आहेत. वेळ, रेडिओ, तपासणी, आग अशा कामांसाठी ठिकठिकाणी वेगळ्या शाखा असतात, म्हणजे माणूस एका शाखेत वर चढू शकतो आणि दुसरीत तळाशीच राहू शकतो. ते योग्यच आहे. उत्तम वेळ लावणारा उत्तम गर्दी आवरेलच असे नाही.

वरची पायरी मिळवण्यासाठी साधारणपणे तीन गोष्टी पाहतात. किती स्पर्धांना हजेरी लावली, त्याची सह्यांनिशी नोंद. ठरावीक मुदतीत प्रशिक्षण घेतले का. आणि वरच्या श्रेणीच्या कोणी काम करताना पाहून शिफारस केली का. पहिल्या दोन गोष्टी कागदावर सिद्ध होतात. तिसरी होत नाही, आणि खरी मेख तिथेच आहे.

वाद कुठे आहेत?

पहिला वाद हजेरी आणि कसब यांचा. पन्नास स्पर्धांच्या सह्या असलेल्या माणसाने कदाचित एकही गंभीर अपघात पाहिलेला नसेल. उलट दुसऱ्याच स्पर्धेत एखाद्याच्या वळणावर गाडी उलटते आणि तो सगळे शांतपणे पार पाडतो. अनुभव मोजायला हजेरीसारखे सोपे माप नाही, म्हणून ते वापरले जाते. त्याला पूरक म्हणून खोटा अपघात रचून सराव घेण्याची पद्धत काही ठिकाणी आहे. जुनी गाडी आडवी टाकायची, आत माणूस बसवायचा, वेळ लावायची आणि नंतर प्रत्येकाचे काय चुकले ते सगळ्यांसमोर बोलायचे. वेळ आणि माणसे खाणारा प्रकार आहे, पण मार्शलबद्दल यातून जेवढे कळते तेवढे सह्यांच्या कार्डातून कळत नाही.

दुसरा वाद कडकपणा आणि संख्या यांचा. प्रत्येक स्टेजच्या सुरक्षा आराखड्यात किती मार्शल कुठे लागतील हे लिहिलेले असते, आणि तेवढे आले नाहीत तर स्टेज रद्द करावी लागते. अटी वाढवल्या की काही जुने लोक ‘तीस वर्षे केले, आता परीक्षा कसली?’ म्हणत घरी बसतात. याच सुमारास ब्रिटनमध्ये गरज मात्र वाढली. पूर्वी सार्वजनिक रस्ता रॅलीसाठी बंद करायचा तर संसदेचा खास कायदा लागे. जिम क्लार्क रॅलीसाठी तसा १९९६ चा कायदा होता. २०१७ मध्ये इंग्लंडपुरती ही अट सैल झाली आणि २०१८ च्या एप्रिलमध्ये एसेक्स परगण्यात टेंड्रिंग-क्लॅक्टनची रॅली झाली. इंग्लंडच्या भूमीवरची, बंद केलेल्या सार्वजनिक रस्त्यावरची ती पहिली रॅली. जंगलात वाट अडवायला दोन माणसे पुरतात. वस्तीतल्या रस्त्यावर प्रत्येक घराच्या फाटकाशी कोणीतरी लागतो.

मला या वादात मधला मार्ग पटतो. पहिली पायरी सगळ्यांना सक्तीची, पण तासा-दोन तासांत, फुकट आणि घरबसल्या होण्यासारखी असावी. अशा अटीने कोणी चांगला माणूस परत जात नाही. सक्ती कडक व्हावी ती वरच्या पायऱ्यांवर. ज्याच्या शब्दावर दहा जण उभे राहतात, त्याची परीक्षा दहापट कठोर हवी. काही ठिकाणी उलटे होते. नव्या मुलाला कागदांच्या राशीतून जावे लागते आणि ज्येष्ठांची श्रेणी एकदा मिळाली की आजन्म टिकते.

त्यातूनच तिसरा वाद निघतो, शिक्षण शिळे होण्याचा. २०२२ मध्ये जागतिक रॅली अजिंक्यपद स्पर्धेत ‘रॅली वन’ गाड्या हायब्रिड झाल्या. अपघात झालेल्या गाडीला हात लावण्यापूर्वी मार्शलने तिच्यावरचा दिवा पाहायचा. हिरवा असेल तर ठीक, लाल असेल तर विजेचा धोका, दूर राहायचे. चाळीस वर्षे ‘गाडीकडे जा आणि आतल्याला विचार’ असे शिकलेल्या हातांना ही नवी सवय लावावी लागली. २०२५ पासून त्या गाड्यांतली हायब्रिड यंत्रणा काढून टाकली गेली. नियम तीन वर्षांत आले आणि गेले. म्हणून श्रेणीला मुदत हवी आणि मुदत संपल्यावर थोडी उजळणी हवी, हे कोणीही नाकारू नये.

चौथा मुद्दा कायद्याचा. अपघातानंतर चौकशीत मार्शलला साक्षीला उभे राहावे लागते. बिनपगारी होता म्हणून त्याची सुटका होत नाही. तो काय शिकला होता, त्याला लेखी काय सांगितले होते, याची नोंद असणे हे आयोजकांच्या सोयीपेक्षा त्याच्या स्वतःच्या संरक्षणासाठी गरजेचे आहे. प्रशिक्षणाला कंटाळणाऱ्या स्वयंसेवकाला हे एकदा समजावून सांगितले की त्याचा विरोध बराच मावळतो.

अधिकार नाही, आवाज आहे

या सगळ्या चर्चेत एक गोष्ट अजून पुरेशी पुढे आलेली नाही. आंतरराष्ट्रीय रॅलीत स्टेजवर लाल झेंडा दाखवण्याचा निर्णय वळणावरचा मार्शल घेऊ शकत नाही. साधारण पाच-पाच किलोमीटरवर रेडिओ केंद्रे असतात आणि तिथे झेंडा तयार असतो. पण तो उघडायचा फक्त क्लार्क ऑफ द कोर्सच्या, म्हणजे स्पर्धेच्या मुख्य संचालकाच्या हुकुमाने, आणि किती वाजता उघडला याची नोंद करून. या नियमामागे कारण आहे. प्रत्येकाने मनाला येईल तसा झेंडा दाखवला तर स्पर्धाच चालणार नाही आणि निकालही न्याय्य राहणार नाही.

पण मग वळणावर माणसे धोकादायक जागी उभी असतील आणि हटत नसतील तर? तिथल्या मार्शलकडे एकच मार्ग उरतो. रेडिओवाल्यामार्फत वर कळवायचे, ‘इथे स्टेज चालवता येणार नाही, गाड्या सोडू नका.’ हे वाक्य बोलणे तांत्रिकदृष्ट्या सोपे आणि माणूस म्हणून फार कठीण असते. समोर शे-दोनशे प्रेक्षक, वर आयोजक, सुरुवातीच्या रेषेवर इंजिने धडधडत थांबलेले स्पर्धक, आणि आपण चिखलातले एक स्वयंसेवक. आपल्यामुळे सगळे खोळंबले तर लोक काय म्हणतील, ही भीती. त्यातून ‘बघू, पुढची गाडी जाऊ दे’ असा विचार होतो.

म्हणून निरोप कसा द्यायचा हे शिकवण्याच्या यादीत सर्वांत वर हवे. केंद्राचा क्रमांक, काय दिसते आहे, रस्ता मोकळा की अडलेला, माणसांना इजा आहे का, आणि आपली मागणी काय. पाच गोष्टी, वीस सेकंदांत, आवाज न चढवता. आणि त्याला उत्तर देणाऱ्या स्टेज कमांडरचीही परीक्षा हवी, की खालून आलेला असा निरोप तो किती गांभीर्याने घेतो. थांबवल्याबद्दल मार्शलला नंतर टोमणे ऐकावे लागले तर पुढच्या वेळी तो गप्प बसेल, आणि मग त्याच्या श्रेणीचा उपयोग काय?

आपल्याकडे

भारतात मोटार खेळांचे नियमन फेडरेशन ऑफ मोटर स्पोर्ट्स क्लब्ज ऑफ इंडिया करते. ही एफआयएची भारतातली सदस्य संघटना. चेन्नई, बंगळूर, कोइमतूरकडे क्लबांची परंपरा जुनी आहे, मुंबई-पुणे-नाशिककडेही गाड्यांचे वेड कमी नाही. पण स्वयंसेवक मार्शलांची फळी स्पर्धेपुरती गोळा केली जाते, स्पर्धा संपली की विखुरते. सप्टेंबर २०१९ मध्ये राजस्थानात बाडमेर जिल्ह्यात राष्ट्रीय रॅली मालिकेतल्या एका स्टेजवर मोटारसायकल आली आणि भरधाव रॅलीच्या गाडीशी धडक होऊन एकाच कुटुंबातल्या तिघांचा जीव गेला. उरलेली रॅली रद्द झाली. दोष कोणाचा, हे ठरवण्याची ही जागा नाही. पण भारतीय रॅलीतल्या मार्शलपुढचा प्रश्न युरोपातल्यापेक्षा वेगळा आहे, हे त्या दिवशी स्पष्ट झाले. तिकडे प्रेक्षकाला मागे हटवायचे असते. इकडे रॅली चालू आहे हे ज्याला माहीतच नाही, अशा गावकऱ्याला अडवायचे असते.

आपल्या रस्त्याला पाणंदी फुटतात, शेताच्या वाटा येऊन मिळतात, गुरे आडवी जातात, वाडीवरची मुले शाळेतून घरी येतात. त्यामुळे आपल्याकडच्या मार्शल प्रशिक्षणाचा पहिला धडा अग्निशामकाचा नव्हे, गावाचा असावा. स्टेजआधी आठ-पंधरा दिवस वाडीवस्तीवर जाऊन सांगणे, दवंडी, ग्रामपंचायतीचा फलक, शाळेला पत्र, दवाखान्यात जाणाऱ्यासाठी पर्यायी वाट. प्रत्येक पाणंदीच्या तोंडाशी त्याच गावचा, गाव ओळखणारा तरुण. त्याला मराठीत लिहिलेली दोन पानी सूचना द्यावी, कारण इंग्रजीतली जाड नियमावली वाचून कोणी रस्ता अडवायला शिकत नाही. त्याला शिट्टी, अंगरखा, रेडिओवाला किती अंतरावर आहे याची माहिती आणि ‘थांबवा’ म्हणण्याचा हक्क या चार गोष्टी मिळाल्या, तर पहिल्या पायरीचा मार्शल तयार झाला असे समजावे. त्याच्या नावाची नोंद संघटनेकडे राहिली, तर पुढच्या वर्षी दुसरी पायरी चढायला तो उपलब्ध असेल.

यासाठी फार पैसा लागत नाही. क्लबांनी वर्षातून एक दिवस काढावा, खोटा अपघात रचावा आणि सह्यांच्या कार्डाबरोबर प्रत्येकाने काय केले याचा शेरा लिहावा. संघटनेने श्रेणीला मुदत घालावी. आणि आयोजकांनी स्टेज थांबवणाऱ्या मार्शलच्या पाठीशी उभे राहावे, स्टेज विनाकारण थांबली असे नंतर कळले तरी. एखादी स्टेज विनाकारण थांबली तर स्पर्धकांचा वेळ जातो, एवढेच. ज्याला ती थांबवा असे सांगण्याचे धाडस होत नाही, त्याची हजेरी कितीही असो, त्याला वरची श्रेणी देऊ नये.